फुटलं की फोडलं?

२० जून २०२२. महाराष्ट्र विधान परिषदेच्या दहा जागांसाठी अकरा उमेदवार उभे होते आणि आमदारांनी गुप्त पद्धतीने मतदान केलं. निकाल लागला तेव्हा एकच क्रियापद सगळीकडे ऐकू येऊ लागलं : मतं फुटली. त्याच रात्री ठाण्यातल्या कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघाचे आमदार आणि तेव्हाचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे काही आमदारांना घेऊन सुरतेला गेले. दुसऱ्या दिवशी तेच क्रियापद पुन्हा आलं : आमदार फुटले. पुढे त्यांचा पक्ष फुटला, ३० जूनला शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि कोपरी हे नाव ठाण्याबाहेरच्या लोकांनाही पाठ झालं.

त्या घटनेला समर्थकांनी 'उठाव' म्हटलं, विरोधकांनी 'गद्दारी' म्हटलं. पण बातमी सांगताना दोन्ही बाजूंच्या माणसांच्या तोंडी सहज आलेला शब्द होता 'फुटणे'. मत फुटतं, आमदार फुटतो, साक्षीदार फुटतो, पेपर फुटतो, बातमी फुटते, बिंग फुटतं, गुपित फुटतं. झाकलेलं, बांधलेलं, आतलं असं जे काही बाहेर पडतं, त्याला मराठीने हे एक क्रियापद दिलं आहे. त्याचा नेमका अर्थ आणि त्याचा वापर समजून घेणं हा केवळ भाषेच्या हौसेचा विषय नाही. कोणी काय उघड केलं, ते कोणाचं होतं आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे सगळं या क्रियापदाच्या दोन रूपांत सामावलेलं आहे.

एक धातू, दोन क्रियापदं

संस्कृतात 'स्फुट्' असा धातू आहे. तडकणं, उमलणं, आवरण भेदून आतलं बाहेर येणं हे त्याचे अर्थ. त्यातूनच 'स्फुट' म्हणजे स्पष्ट आणि 'अस्फुट' म्हणजे नीट न उमटलेलं, हे शब्द आले. 'स्फोट' त्यातलाच, आणि वर्तमानपत्रांचा आवडता 'गौप्यस्फोट'ही त्यातलाच. प्राकृतातून मराठीत येताना या धातूच्या दोन वाटा झाल्या. संस्कृत 'स्फुट्यते' या रूपातल्या जोडाक्षराचा प्राकृतात 'ट्ट' झाला आणि मराठीत 'ट' टिकला, म्हणून 'फुटणे'. 'स्फोटयति' या प्रयोजक रूपातला 'ट' मात्र दोन स्वरांमध्ये एकटा होता. असा एकटा 'ट' मराठीत येईपर्यंत 'ड' होतो. घोटकाचा घोडा झाला, वटाचा वड झाला, कटूचं कडू झालं. तसंच 'स्फोटयति'चं 'फोडणे' झालं. उलट जोडाक्षरातला 'ट' टिकतो : पट्टाचा पाट, हट्टाचा हाट.

मराठीत अशा जोड्या आणखी आहेत : तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे, फिटणे-फेडणे. पहिलं क्रियापद अकर्मक, दुसरं सकर्मक. दोरी तुटते, कोणीतरी दोरी तोडतो. कर्ज फिटतं, कोणीतरी कर्ज फेडतो. शाळेच्या व्याकरणात हा फरक दोन ओळींत संपतो. व्यवहारात तो फार मोठा असतो.

घरात कप फुटला की मूल म्हणतं, "आई, कप फुटला." आई विचारते, "फुटला की फोडलास?" त्या एका प्रश्नात अख्खं व्याकरण आहे. 'फुटला' या वाक्यात कप आहे, फरशी आहे, पण हात नाही. 'फोडला' म्हटलं की लगेच कर्ता लागतो, आणि भूतकाळात त्याला 'ने' प्रत्यय लावून समोर उभं करावं लागतं : त्याने फोडला. या दोन्हींच्या मधे मराठीने आणखी एक जागा ठेवली आहे : "माझ्याकडून फुटला." हात माझा होता, हेतू नव्हता. गुपिताबाबतही नेमक्या याच तीन जागा आहेत. गुपित फुटलं, माझ्याकडून गुपित फुटलं, मी गुपित फोडलं. पहिल्यात कोणीच नाही, दुसऱ्यात चूक आहे, तिसऱ्यात कृत्य आहे.

'फुटणे' हा शब्द नेहमी नुकसानीचाच आहे असंही नाही. झाडाला पालवी फुटते, पूर्वेला तांबडं फुटतं, गाईला पान्हा फुटतो, मुलाला कंठ फुटतो, मुक्याला वाचा फुटते. या सगळ्यांत आत साठलेलं आपल्या वेळेला बाहेर येतं. हंबरडा फोडणं आणि टाहो फोडणं हेही तसंच, दुःख आत मावेनासं झालं की घडणारं. म्हणजे या क्रियापदाच्या मुळाशी मोडतोड नाही. आत आणि बाहेर यांच्यामधलं आवरण जाणं आहे. ते आवरण कोणाचं होतं आणि कशासाठी होतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

गुपिताला मालक असतो

'गुपित' आणि 'गुप्त' हे शब्द 'गुप्' या धातूपासून आले. त्याचा मूळ अर्थ लपवणं असा नाही. रक्षण करणं, राखणं असा आहे. गुप्त म्हणजे राखलेलं आणि गोपनीय म्हणजे राखण्याजोगं. मराठी माणूस आजही गुपित 'राखतो'. 'पोटात ठेव', 'तुझ्या-माझ्यात राहू दे', 'या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस' ही सगळी राखण्याची भाषा आहे. ज्याला राखता येत नाही त्याच्याबद्दल आपण म्हणतो, याच्या पोटात काही राहत नाही.

राखणं आलं म्हणजे कोणासाठी तरी राखणं आलं. म्हणून गुपिताला मालक असतो, आणि या क्रियापदाला तो मालक ओळखता येतो. "मी माझं गुपित तिला सांगितलं" हे वाक्य सरळ आहे. "मी माझं गुपित फोडलं" हे मात्र कानाला खटकतं. ज्याचं गुपित त्याने ते उघड केलं तर ते सांगणं. दुसऱ्याने त्याच्या परवानगीवाचून केलं तर ते फोडणं. बहिणीने आपल्या लग्नाचं ठरल्याचं आपण होऊन सांगितलं तर तिने बातमी दिली. तेच तिच्याआधी भावाने शेजारी सांगितलं तर त्याने ते फोडलं. दोघांच्या तोंडचे शब्द तेच असतील, पण क्रियापद बदलतं.

भारतीय कायद्यातही ही मालकी दिसते. मतदान गुप्त असतं याचा अर्थ मतदाराने तोंड उघडू नये असा नाही. आपण कोणाला मत दिलं हे तो हवं तर सांगू शकतो. पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या ९४व्या कलमानुसार कोणत्याही साक्षीदाराला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि १२८वं कलम मतदान व मतमोजणीच्या कामावरच्या माणसांवर ते राखण्याची जबाबदारी टाकतं. गुपित मतदाराचं आहे, राखण इतरांची आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३च्या दुरुस्तीनंतर पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेच्या निवडणुकीत मतदान गुप्तच राहिलं. म्हणून तिथे मतं फुटली एवढंच आकड्यांवरून कळतं. कोणाचं फुटलं याचे तर्क चालू राहतात.

माणसाच्या बाबतीत हे क्रियापद आणखी कठोर होतं. गुपित फोडता येतं तसा माणूसही फोडता येतो. शत्रूचा सरदार फोडणे, साक्षीदार फोडणे, आमदार फोडणे या प्रयोगांत माणूसच ते आवरण झालेला असतो, आणि आत असते त्याची निष्ठा. न्यायालयाच्या बातम्यांत सरकारी बाजू सोडणाऱ्या साक्षीदाराला 'फितूर' म्हणतात. हा शब्द अरबी-फारसी वाटेने मराठीत आला आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत पुरता रुळला. पण आरोपींपैकी जो सगळी हकिगत सांगून शिक्षेतून सूट मिळवतो, त्याला मराठी 'माफीचा साक्षीदार' म्हणते. दोघांनीही बाजू बदललेली असते. कायद्याला एकाचं बोलणं उपयोगी पडतं, दुसऱ्याचं पडत नाही, आणि शब्द त्याप्रमाणे वेगळे होतात.

१९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली तेव्हा एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती पक्षातली 'फूट' मानून त्यांना संरक्षण होतं. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण काढून टाकलं. म्हणजे ज्या शब्दावर २०२२ साली एवढी चर्चा झाली, त्या 'फूट' शब्दाला कायद्यात एकेकाळी स्वतंत्र जागा होती आणि ती जाऊनही एकोणीस वर्षं झाली होती.

काय फोडलं, यावर निवाडा

आता याच क्रियापदाला वेगवेगळी कर्मं लावून पाहू. 'गुपित फोडलं' यात दोष आहे. 'बिंग फोडलं' यात कौतुक आहे, कारण बिंग म्हणजे कोणीतरी रचलेलं सोंग, लबाडी. 'कटाचा भांडाफोड केला' यात कामगिरी आहे. आणि 'अन्यायाला वाचा फोडली' यात तर मराठी देऊ शकते तेवढा सगळा मान आहे. क्रियापद प्रत्येक वेळी तेच. ते स्वतः निवाडा देत नाही. आवरण गेलं एवढंच सांगतं. त्या आवरणाने विश्वास राखला होता की फसवणूक झाकली होती, हे कर्म सांगतं.

म्हणून बातमी लिहिताना कर्माची निवड ही मोठी जबाबदारी आहे. एखाद्या कर्मचाऱ्याने कार्यालयातला गैरव्यवहार बाहेर काढला तर त्याने 'गुपित फोडलं' की 'बिंग फोडलं'? गैरव्यवहार करणारा पहिला शब्द वापरेल. ज्याचं नुकसान झालं तो दुसरा वापरेल. लिहिणाऱ्याला मधे थांबता येत नाही. त्याला खरं काय ते शोधूनच शब्द घ्यावा लागतो.

उघड होण्याच्या इतर तऱ्हांसाठी मराठीकडे वेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. रहस्य फुटत नाही, उलगडतं. गुन्ह्याची उकल होते, कारण तिथे गाठ सोडवायची असते. पोलीस गुन्हा 'उघडकीस' आणतात. ज्याने मोठेपणाचा मुलामा चढवला होता त्याचं पितळ उघडं पडतं. घरातली भांडणं चव्हाट्यावर येतात. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली जातात. या शेवटच्या दोन प्रयोगांत भर आतून बाहेर येण्यावर नाही, बाहेर कुठे नेऊन ठेवलं यावर आहे. एखाद्याने घरातली गोष्ट एका मित्राला सांगितली तर ती फुटली. सगळ्या गावासमोर मांडली तर ती चव्हाट्यावर आली. आणि कोणाला अजून नक्की काही कळलेलं नसेल तर फक्त कुणकुण लागते.

कोपरीसारख्या वस्तीत हा शब्द अनेक भाषांतून कानावर पडतो. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, मीठबंदराच्या आणि चेंदणी कोळीवाड्याच्या शेजारी वाढलेल्या या भागात मराठी माणसांबरोबर फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहतात, आणि हिंदी-गुजराती बोलणाऱ्यांचाही वावर आहे. हिंदीत 'भांडा फूटना' आहे, गुजरातीत 'भांडो फूटवो' आहे, मराठीत 'भांडं फुटणे' आहे. लबाडी भांड्यात दडवलेली असते ही कल्पना तिन्ही भाषांची. पण हिंदी माणूस 'राज़' खोलतो, म्हणजे उघडतो. मराठी माणूस गुपित फोडतो. उघडलेलं पुन्हा झाकता येतं, फोडलेलं पुन्हा जोडता येत नाही. मराठीने गुपिताच्या बाबतीत ही परत न फिरण्याची जाणीव क्रियापदातच ठेवली आहे. हल्ली 'लीक झालं' असंही सर्रास म्हटलं जातं. लीक होणं म्हणजे गळणं. नळ गळतो तेव्हा कोणावर ठपका येत नाही, आणि त्यामुळेच ज्यांना ठपका नको असतो त्यांना हा शब्द सोयीचा वाटतो.

सहा कान, पोपट आणि मैना

गुपित ही फुटणारी, भेदली जाणारी वस्तू आहे ही समजूत फार जुनी आहे. संस्कृत नीतिग्रंथ सांगतात की चार कानांत, म्हणजे दोन माणसांत राहिलेली मसलत टिकते आणि सहा कानांवर गेलेली भेदली जाते. मराठीतला 'षट्कर्णी होणे' हा प्रयोग तिथून आला. तिथे वापरलेला धातू 'भिद्' आहे. 'घरभेदी' हा शब्द त्याच धातूचा, आणि साम-दाम-दंड-भेद या चार उपायांतला चौथाही त्याच धातूचा. शत्रूची एकजूट फोडणं आणि शत्रूचं गुपित फोडणं, या दोहोंसाठी प्राचीन राजनीतीने एकच शब्द वापरला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या मसलतीवर स्वतंत्र अध्याय आहे. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून सिद्ध केली, त्यामुळे तो अभ्यासकांना नीट उपलब्ध झाला. मसलतीची जागा अशी असावी की पक्ष्यांनाही डोकावता येऊ नये, असं कौटिल्य सांगतो, आणि कारणही देतो : पोपट-मैनांनी, कुत्र्यांनी आणि इतर प्राण्यांनी मसलती फोडल्याच्या गोष्टी ऐकिवात आहेत. पोपट ऐकलेलं बोलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याचं उदाहरण जास्त सूक्ष्म आहे. तोंड न उघडताही वागण्यावरून आतली गोष्ट कळू शकते, म्हणून तो चेहऱ्यावरचे भाव आणि हालचाली सांभाळण्याबद्दलही बजावतो. मसलत फुटण्याची कारणंही तो नोंदवतो : गाफीलपणा, नशा, झोपेतली बडबड, विषयवासना. मसलतीत तीन-चार मंत्री असावेत, हा त्याचा सल्ला. एकाशी मसलत केली तर तो मनमानी करतो, दोघे एक झाले तर राजाला गुंडाळतात, आणि माणसं फार वाढली तर गुपित राखणं कठीण होतं.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. यातली बहुतेक कारणं 'फुटण्या'ची आहेत, 'फोडण्या'ची नाहीत. गाफीलपणात, झोपेत, नशेत माणसाकडून गुपित फुटतं. पण शिक्षा सांगताना कौटिल्य मसलत भेदणाऱ्याविषयी बोलतो आणि ती अतिशय कडक सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजनीतीलाही कर्ता शोधायचाच होता.

ठाण्याच्या किल्ल्यातलं न फुटलेलं गुपित

कोपरीहून स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेलं की ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह लागतं. जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती याच तुरुंगात. तुरुंग होण्याआधी तो किल्ला होता. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला आणि १७७४च्या अखेरीस इंग्रजांच्या ताब्यात गेलेला. या किल्ल्यात एक गुपित दिवसाढवळ्या पहारेकऱ्यांच्या कानांवर पडत होतं आणि तरी फुटलं नाही.

जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. इंग्रजांनी त्याचा ठपका दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर ठेवला आणि त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले. देशी शिपाई फोडले जातील ही भीती त्यामागे होती. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी त्रिंबकजी निसटले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे कसं घडलं ते लिहून ठेवलं आहे. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार चाकरीला होता. तो मालकाचा घोडा फिरवायला नेताना त्रिंबकजींच्या खिडकीखालून ये-जा करी आणि सहज गुणगुणल्यासारखं गाऊन बाहेरचा निरोप आत पोचवी. पहाऱ्यावरच्यांना गाणं ऐकू येत होतं. मराठी मात्र कळत नव्हती.

या प्रसंगाने 'फुटणे'ची एक अट स्पष्ट होते. शब्द बाहेर पडले म्हणजे गुपित फुटलं असं नाही. ते समजणाऱ्या कानापर्यंत पोचावे लागतात. पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त इथे आठवतो, आणि त्याचं नावच 'स्फोट' आहे. कानावर पडतो तो ध्वनी. अक्षरं एकामागून एक येतात आणि विरतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ एकसंध प्रकट होतो, तो स्फोट. गोऱ्या शिपायांपर्यंत ध्वनी पोचला, स्फोट झाला तो खिडकीआडच्या कैद्याच्या मनात. आपल्या वैयाकरणांनी अर्थ कळण्याच्या क्रियेला आणि आपल्या बोलीने गुपित बाहेर येण्याच्या क्रियेला एकाच धातूतून शब्द घेतले, याचं कारण असं की दोन्हींत आवरण जाऊन आतलं प्रकट होतं. त्रिंबकजी पुढे १८१८ साली पुन्हा पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत राहिले.

पेपर आपोआप फुटत नाही

आज हे क्रियापद सगळ्यांत जास्त कुठे ऐकू येत असेल तर ते परीक्षांच्या संदर्भात. प्रश्नपत्रिका हे मुदतीचं गुपित आहे. परीक्षा संपली की ती कोणालाही दाखवता येते, पण त्याआधी एका माणसाला दिसली तरी हजारोंवर अन्याय होतो. ती काढणारा, तपासणारा, छापणारा, पाकिटं बंद करणारा, वाहतूक करणारा, केंद्रावर ताब्यात घेणारा, अशा अनेक हातांतून ती जाते. संगणकावरच्या परीक्षेत सर्व्हर आणि केंद्र सांभाळणारी कंपनी या साखळीत येते. प्रत्येक हात हा राखणदार असतो.

२०२१ साली महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली. त्याचा तपास पुणे पोलिसांनी हाती घेतला. त्या धाग्याने पुढे जाताना म्हाडाच्या भरती परीक्षेतला प्रकार समोर आला आणि १२ डिसेंबरला होणारी ती परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलावी लागली. तिथून तपास शिक्षक पात्रता परीक्षेपर्यंत गेला. या प्रकरणांत अटक झालेल्यांमध्ये परीक्षांची राखण ज्यांच्याकडे सोपवलेली होती असे अधिकारी आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीशी संबंधित माणसंही होती. ज्या मुलामुलींनी गावाकडून येऊन, खोली भाड्याने घेऊन, वर्षानुवर्षं तयारी केली होती, त्यांच्या पदरात 'पेपर फुटला' एवढंच वाक्य पडलं.

हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि म्हणूनच ते अपुरं आहे. त्यात कर्ता नाही. कायदा मात्र कर्त्यावाचून चालत नाही. महाराष्ट्रात परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) अधिनियम, २०२४ हा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात अनुचित मार्ग वापरणाऱ्याला तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. संघटित गुन्हा असेल तर पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड. परीक्षा घेणाऱ्या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. कायद्याच्या दृष्टीने पेपर फुटत नसतो. तो कोणीतरी फोडलेला असतो.

वाचा फोडणारे

या क्रियापदाचा सर्वांत उंच प्रयोग 'वाचा फोडणे' हा आहे. त्यात कर्म असतं वाचा, आणि ज्याच्यासाठी ती फोडली जाते तो चतुर्थीत येतो : अन्यायाला, दुःखाला, प्रश्नाला. बोलता येत नव्हतं त्याला बोलतं केलं, असा याचा भाव. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केलं तेव्हा त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं. गावोगावच्या अस्पृश्यांवर काय गुजरत होतं हे कोणापासून लपलेलं नव्हतं, ते रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. तरी त्याला वाचा नव्हती. म्हणजे वाचा फोडण्यासाठी गोष्ट गुप्तच असावी लागते असं नाही. ती न बोलण्याच्या संगनमताखाली दबलेली असली तरी पुरे.

१९८१च्या ऑगस्टअखेर 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांच्यातला संबंध मांडला. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं आणि परवान्यावाचून ते मिळणं कठीण होतं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढची कायदेशीर लढाई अनेक वर्षं चालली. पण सरकारी कागद कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न महाराष्ट्राने तेव्हा जवळून पाहिला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा. तोवर सरकारी कागद १९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या सावलीत होते. नव्या कायद्याने मालक बदलला. नागरिकाने अर्ज करून माहिती मागितली तर तो गुपित फोडत नाही. आपलीच वस्तू पाहायला मागतो.

वाचा फोडणाऱ्याचं स्वतःचं गुपित मात्र राखलं जावं लागतं. सत्येंद्र दुबे हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करणारा अभियंता. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने २००२ साली पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया इथे गोळ्या घालून त्याची हत्या झाली. सीबीआयच्या तपासाने ती लूटमारीतून झाल्याचं म्हटलं. पण त्याचं नाव फुटलं होतं ही गोष्ट देशाला विसरता आली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने तक्रारदाराची ओळख राखण्याची जबाबदारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे देणारा ठराव काढला. एकाच माणसाच्या बाबतीत या क्रियापदाची दोन्ही टोकं भेटली : त्याने गैरव्यवहाराला वाचा फोडली, आणि त्याचं नाव राखणं ज्यांचं काम होतं त्यांच्याकडून ते फुटलं.

मंत्री पद घेताना दोन शपथा घेतात, पदाची आणि गोपनीयतेची. मंत्री म्हणून समजलेली गोष्ट कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सांगणार नाही, असं दुसरी शपथ म्हणते. पण कर्तव्य पार पाडण्यासाठी आवश्यक असेल तेवढं सोडून, असा अपवादही तिच्यातच आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत हे लिहिलं आहे. आमदाराच्या शपथेत गोपनीयता नाही. घटना लिहिणाऱ्यांना कळत होतं की राखणं हे मूल्य आहे, पण ते कर्तव्याच्या वरचं नाही.

रोजच्या बोलण्यात

डॉक्टरने रुग्णाच्या आजाराबद्दल नातेवाइकांत बोलणं, शिक्षकाने मुलाने विश्वासाने सांगितलेलं स्टाफरूममध्ये सांगणं, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणाच्या थकबाकीचा तक्ता टाकणं, मैत्रिणीचा खाजगी निरोप दुसऱ्याला पुढे पाठवणं, या सगळ्यांना आपण सहसा 'कळलं', 'बाहेर आलं', 'लीक झालं' म्हणतो. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे, आणि तो वापरला की माणूस थबकतो. "मी तिचं गुपित फोडतोय का?" हा प्रश्न पाठवण्याचं बटण दाबण्याआधी स्वतःला विचारता येतो. उलट घरात मारहाण होत असेल, शाळेत मुलावर अत्याचार होत असेल, कामाच्या ठिकाणी लूट चालली असेल, तेव्हा 'घरातलं बाहेर काढू नये', 'संस्थेची बदनामी नको' असं सांगून जे गप्प बसवतात ते गुपित या शब्दाची चोरी करत असतात. तिथे राखण्यासारखं काही नसतं. तिथे बिंग असतं, आणि ते फोडणाऱ्याला फितूर म्हणणं हा भाषेचाही अन्याय आहे.

म्हणून हे क्रियापद वापरताना तीन गोष्टी तपासाव्यात. आवरणाआड होतं ते कोणाचं होतं? ते कोणाला वाचवत होतं, दुबळ्याला की दांडग्याला? आणि ते आपोआप गेलं, कोणाकडून चुकून गेलं, की कोणी जाणून घालवलं? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तराने कर्म ठरेल, तिसऱ्याच्या उत्तराने कर्ता. बातमीदाराने, शिक्षकाने, पोलिसाने, न्यायाधीशाने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही उत्तरं मिळेपर्यंत 'फुटलं' या शब्दावर समाधान मानू नये. कर्ता नक्की माहीत नसेल तोवर तो शब्द प्रामाणिक आहे. माहीत झाल्यावरही तोच वापरत राहणं म्हणजे फोडणाऱ्याला पाठीशी घालणं आहे.